आधी माल की आधी पैसे?

मराठीत 'गिऱ्हाईक' या शब्दाला दोन अर्थ आहेत. दुकानात काही विकत घ्यायला येते ते गिऱ्हाईक. आणि चारचौघांत ज्याची टिंगल होते, ज्याला बनवले जाते, त्याचेही 'गिऱ्हाईक केले' असे आपण म्हणतो. 'ग्राहक' या संस्कृत शब्दाचेच हे बोलीतले रूप, पण मूळ शब्दाला हा दुसरा अर्थ कधी चिकटला नाही. ग्राहक कायद्यात असतो, चळवळीत असतो, भाषणात असतो. गिऱ्हाईक बाजारात असते. विकत घेणारा माणूस कोणत्याही क्षणी फसवला जाऊ शकतो, ही जाणीव बोलीभाषेने एका शब्दात साठवून ठेवली आहे.

न पाहिलेली वस्तू न पाहिलेल्या माणसाकडून मागवणे हा व्यवहार या जाणिवेची सर्वांत कठीण परीक्षा घेतो. इंटरनेटवरील खरेदीची चर्चा आपल्याकडे सुरू झाली तेव्हा भारतीय ग्राहकाविषयी एक मत वारंवार मांडले गेले. त्याच्यापाशी कार्ड नाही, असले तरी ते वापरण्याची हिंमत नाही, वस्तू हाती पडल्याशिवाय तो पैसे सोडत नाही; थोडक्यात, तो अजून 'तयार' झालेला नाही. व्यवस्थापनशास्त्राच्या प्रश्नावल्यांतून त्याची वृत्ती मोजली गेली आणि अविश्वास हा त्या वृत्तीतला दोष म्हणून नोंदला गेला. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. हा अविश्वास मागासलेपणाचा नव्हता. दूरच्या खरेदीचा दीड शतकाचा अनुभव त्यामागे होता आणि त्या अनुभवातून कमावलेले एक शहाणपण त्यात होते. त्या इतिहासाच्या प्रत्येक टप्प्यावर भांडण एकाच प्रश्नाचे आहे: आधी माल की आधी पैसे? म्हणजेच, धोका कोणी पत्करायचा?

समोरासमोरच्या बाजारात हा प्रश्न फारसा उभा राहत नाही. तिथे मडके वाजवून घेता येते, धान्य मुठीत घेऊन पाहता येते, कापडाचा पोत बोटांनी कळतो. जे डोळ्यांना आणि हातांना कळत नाही ते ओळखीने कळते. दुकानदाराची पत गिऱ्हाइकाला ठाऊक असते आणि गिऱ्हाइकाची पत दुकानदाराच्या वहीत लिहिलेली असते. 'पत' हा शब्दही मोठा अर्थवाही आहे. आर्थिक विश्वासार्हता आणि सामाजिक प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र येतात. मात्र याच कारणाने बाजारातली पत कधीच सर्वांना सारखी नव्हती. ती जातीवर, गावावर, घराण्यावर, स्त्री की पुरुष यावर ठरत असे. ओळखीचा बाजार म्हणजे प्रेमळ बाजार, असे चित्र रंगवणाऱ्यांनी हे विसरू नये.

या ओळखीच्या वर्तुळाबाहेरची खरेदी सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली ती टपाल खात्याने. १८५४ साली अर्ध्या आण्याच्या तिकिटाने अंतराचा हिशेब पुसून टाकला. पत्र जवळ जावो की दूर, दर एकच झाला. १८७९ मध्ये पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे पोस्टकार्ड आले आणि १८८० मध्ये मनीऑर्डर सुरू झाली. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने यांहून महत्त्वाची घटना १८७७ ची आहे. त्या वर्षी 'व्हॅल्यू पेएबल पोस्ट' ही सोय सुरू झाली. दोनतीन पिढ्यांच्या मराठी वाचकांच्या तोंडी तिचे नाव 'व्ही. पी.' असे बसले. 'व्ही. पी. ने मागवणे', 'व्ही. पी. सोडवणे' आणि 'व्ही. पी. परत करणे' हे तिन्ही वाक्प्रचार त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात पंचांगाइतकेच परिचित होते.

या सोयीची रचना विलक्षण साधी होती. विक्रेत्याने पुडके टपालात द्यायचे आणि त्यावर वसूल करायची रक्कम लिहायची. पोस्टमनने ते मागवणाऱ्याच्या दारी न्यायचे, रक्कम घ्यायची आणि मग पुडके हाती द्यायचे. जमा झालेली रक्कम मनीऑर्डरीने विक्रेत्याकडे परत जाई. म्हणजे ग्राहक विक्रेत्यावर विश्वास ठेवत नव्हता आणि विक्रेता ग्राहकावर ठेवत नव्हता. दोघे मिळून टपाल खात्यावर विश्वास ठेवत होते. 'आधी माल की आधी पैसे' या कोड्याला हे उत्तर होते: दोन्ही एकाच क्षणी, त्रयस्थाच्या हातून. एकमेकांवर विश्वास नसलेल्या माणसांना व्यवहार करता यावा म्हणून उभी केलेली ही संस्था होती. संशय नाहीसा करण्याचा प्रयत्न तिने केला नाही. संशयाला सामावून घेतले.

या वाटेने पहिल्यांदा काय काय आले हेही पाहण्यासारखे आहे. औषधे, घड्याळे, अत्तरे आणि वाद्ये आली, तशी पुस्तके आली. पुस्तक हा दूरच्या खरेदीसाठी जणू घडवलेलाच माल आहे. एका आवृत्तीच्या सगळ्या प्रती सारख्या असतात. लेखकाचे नाव आणि पुस्तकाचे नाव कळले की वस्तू निश्चित होते. ते फुटत नाही, आंबत नाही, मापाला लहानमोठे होत नाही. एक कार्ड टाकून सूचिपत्र मागवावे, त्यातली पुस्तके निवडून दुसरे कार्ड टाकावे आणि पोस्टमनची वाट पाहावी, ही पद्धत पुण्या-मुंबईबाहेरच्या वाचकाच्या अंगवळणी पडली. जिथे पुस्तकाचे दुकान नव्हते तिथे डाकघर होते. मराठी वाचनसंस्कृतीचा इतिहास लिहिताना आपण मुद्रणालये, ग्रंथालये आणि नियतकालिके यांची दखल घेतो, पण डाकघराच्या खिडकीची नोंद सहसा घेत नाही.

नियतकालिकांचा तर या सोयीशी जिव्हाळ्याचा आणि कटकटीचा असा दुहेरी संबंध होता. मासिकाच्या ग्राहकाला आपल्याकडे 'वर्गणीदार' म्हणत आले आहेत. गणपतीला देतात ती वर्गणी आणि मासिकाला देतात तीही वर्गणीच. मासिक घेणे ही खरेदी नसून एका सामाईक कार्याला हातभार लावणे आहे, असा अर्थ या शब्दात गृहीत आहे. प्रत्यक्षात मात्र वर्गणीदार गिऱ्हाइकासारखे वागत. वर्षाचा पहिला अंक व्ही. पी. ने पाठवून वर्गणी वसूल करावी आणि कित्येकांनी ती न सोडवता परत पाठवावी, असे चाले. परत आलेल्या व्ही. पी. चा जाण्याचा खर्च संपादकाच्या बोकांडी बसे. व्ही. पी. परत करून नुकसान करू नये, घ्यायचा नसल्यास आधी कार्डाने कळवावे, अशा आशयाच्या विनवण्या जुन्या मासिकांत जागोजाग दिसतात. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये 'मनोरंजन' काढले आणि १९०९ मध्ये त्याचा दिवाळी अंक काढून एक परंपरा सुरू केली, हे आपण शिकवतो. अशी परंपरा ज्या पैशावर चालते तो पैसा किती लहान लहान मनीऑर्डरींनी आणि किती परतलेल्या पुडक्यांना चुकवत गोळा होई, याचा विचार आपण क्वचितच करतो.

या व्यवहारात आणखी एक गोष्ट घडली, आणि ती आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. सूचिपत्रात छापलेली किंमत सर्वांना सारखी होती. कार्डावर अक्षर दिसे, चेहरा दिसत नसे. मागवणारा कोण, कोणत्या आळीत राहतो, दुकानाच्या पायरीवर त्याला कुठे उभे करतात, हे विक्रेत्याला कळण्याचे कारण नव्हते. आडनावावरून काही तर्क केला तरी छापील किंमत बदलता येत नव्हती. ज्या स्त्रीला एकटीने बाजारात जाणे अवघड होते तिलाही कार्ड टाकता येत होते. पोस्टमन आणि त्याची वागणूक ही समाजाबाहेरची नव्हती, हे खरे. तरीही घासाघीस, ओळख आणि तोंड पाहून भाव सांगण्याची रीत या तिन्हींतून सुटका देणारा हा पहिला बाजार होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी गोऱ्या दुकानदाराचा अपमान टाळण्यासाठी टपालाने खरेदीचा मार्ग धरला, असे तिथल्या अभ्यासकांनी दाखवले आहे. आपल्याकडे या दिशेने शोध घेण्याजोगे पुष्कळ आहे.

व्ही. पी. ची एक बाजू लंगडी होती. पैसे दिल्याशिवाय पुडके फोडता येत नसे. त्यामुळे आत नेमके काय आहे हे कळेपर्यंत रक्कम हातची गेलेली असे. चालत्या घड्याळाऐवजी खेळण्यातले घड्याळ निघाले, ग्रंथाऐवजी चार पानांचे चोपडे निघाले, असे किस्से पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले. दुसरी फसवणूक याहून धूर्त होती. न मागवताच व्ही. पी. पाठवायची. घरातला कर्ता बाहेर गेलेला, आपल्यासाठी कोणी काही मागवले असेल म्हणून घरचे माणूस पैसे देऊन मोकळे होई.

१८९८ च्या भारतीय टपाल कायद्याने या दोन्ही गोष्टींची दखल घेतली होती, हे वाचून आजच्या वाचकाला आश्चर्य वाटेल. खरोखरीची मागणी आली असून तिच्या पूर्ततेसाठीच हा माल पाठवीत आहोत, असे पाठवणाऱ्याकडून लिहून घेण्याची तरतूद त्या कायद्यात होती. फसवणूक झाल्यास वसूल केलेली रक्कम रोखून धरून ती मागवणाऱ्याला परत देण्याविषयीचे नियम करण्याचा अधिकारही त्याने सरकारला दिला होता. म्हणजे मधला त्रयस्थ नुसता हमाल नव्हता. तो मर्यादित अर्थाने पंचही होता, आणि त्याचे पंचपण कायद्याने बांधलेले होते.

याच सुमारास अमेरिकेत याच कोड्याचे वेगळे उत्तर निघाले होते. शिकागोत ॲरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ मध्ये एका कागदावर मालाची यादी छापून शेतकऱ्यांना टपालाने माल विकायला आरंभ केला. १८७५ मध्ये त्यांनी समाधान न झाल्यास पैसे परत देण्याचे जाहीर वचन दिले. पुढे सिअर्स कंपनीचे जाडजूड सूचिपत्र खेड्यापाड्यांतल्या घरांत पोहोचले. तिथला उपाय विक्रेत्याच्या वचनावर उभा होता: आधी पैसे द्या, नाही पटले तर परत घ्या. आपल्याकडचा उपाय सार्वजनिक संस्थेच्या मध्यस्थीवर उभा होता. ही दोन उत्तरे वेगवेगळी असली तरी प्रश्न एकच होता. इंटरनेटवरील खरेदी भारतात आली तेव्हा ती पहिल्या परंपरेच्या सवयी घेऊन आली आणि तिची गाठ दुसऱ्या परंपरेत वाढलेल्या ग्राहकाशी पडली.

मराठी माणूस पैसे आधी देतच नव्हता, असा मात्र याचा अर्थ नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' उभा केला तो मर्यादित कंपनी काढून, तिचे भाग विकून आणि आगाऊ वर्गणीदार मिळवून. जे २३ खंड अजून लिहून व्हायचे होते त्यांसाठी लोकांनी पैसे मोजले. १९७४ मध्ये दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली 'ग्रंथाली' ही वाचकांच्या आधाराने चालणारी चळवळ होती. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये वाचकांपुढे आले ते तिच्यामार्फत. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर शेजारच्या कुटुंबांचे संघ करून, यादीवर मागणी नोंदवून, घाऊक खरेदी करून घरगुती जिन्नस वाटण्याची पद्धत रुजवली. इथेही माल न पाहताच मागवला जाई. पण या सर्व उदाहरणांत पैसे देणाऱ्याला माणसे ठाऊक होती, निदान हेतू ठाऊक होता. जिथे पत होती तिथे पैसे आधी गेले. जिथे ती नव्हती तिथे व्ही. पी. लागली. मराठी ग्राहकाला विश्वास ठेवता येत नव्हता असे नाही. तो कोणावर ठेवायचा हे त्याला कळत होते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले. त्याच वर्षी अमेरिकेत ॲमेझॉनने विक्री सुरू केली, आणि पहिला माल म्हणून पुस्तकच निवडले. आपल्याकडे १९९९ मध्ये फॅबमार्ट हे दुकान संगीताच्या ध्वनिमुद्रिका घेऊन उघडले, २००० मध्ये बाझी हा लिलावाचा मंच आला आणि पुढे २००४ मध्ये ईबेने तो विकत घेतला. ही दुकाने दिसत होती, पण गर्दी जमत नव्हती. याउलट रेल्वेच्या आयआरसीटीसीने ३ ऑगस्ट २००२ रोजी इंटरनेटवर तिकीटविक्री सुरू केली, तेव्हा लोकांनी पडद्यावर पैसे आधी भरले आणि कागदी तिकीट कुरियरने घरी येण्याची वाट पाहिली. तंत्र तेच होते. संस्था वेगळी होती. रेल्वे बुडणार नाही आणि पळूनही जाणार नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होते. ग्राहक तंत्राला घाबरतो, या मताला याहून चांगले उत्तर सापडणे कठीण.

२००७ मध्ये बंगळुरूत सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी फ्लिपकार्ट सुरू केले. इथेही आरंभ पुस्तकांपासूनच झाला. २००९ च्या ऑगस्टपासून इंटरनेटवरील कार्डव्यवहारांना पडताळणीची दुसरी पायरी रिझर्व्ह बँकेने सक्तीची केली. व्यवहार सुरक्षित झाले. तरीही बहुसंख्य लोक थबकलेलेच होते, कारण त्यांचा प्रश्न कार्डाचा नव्हता, मालाचा होता. २०१० मध्ये फ्लिपकार्टने 'कॅश ऑन डिलिव्हरी' देऊ केली आणि पाहता पाहता सर्व दुकानांना तीच वाट धरावी लागली. २०१३ मध्ये भारतात दाखल झालेल्या ॲमेझॉनचाही त्याला अपवाद नाही. व्यवसायविषयक लेखनात याचे वर्णन भारतीय बाजारासाठी काढलेली नवी युक्ती असे झाले. तिच्यातले नवे काय होते? दारात माणूस येतो, रक्कम घेतो, पुडके देतो. १८७७ ची व्ही. पी. नव्या नावाने परत आली होती. ज्या ग्राहकाला 'तयार' करायचे होते त्यानेच बाजाराला आपल्या जुन्या अटीवर आणले.

साम्य इथेच संपत नाही. न स्वीकारलेली पुडकी आणि त्यांचा परतीचा खर्च हे या नव्या दुकानांचेही मोठे दुखणे ठरले. 'मनोरंजन'च्या काळातल्या संपादकांना त्यांची तक्रार चटकन समजली असती. मोबाइलच्या खोक्यात साबणाची वडी किंवा दगड निघाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. खेळण्यातल्या घड्याळाचीच ती नवी आवृत्ती. न मागवलेली पुडकी दारात आणून पैसे उकळण्याचा प्रकारही परतला. आणि काही महाग वस्तूंसाठी खोके समोर उघडून, पाहून मगच स्वीकारण्याची सोय दुकानांनी सुरू केली, तेव्हा व्ही. पी. ची ती जुनी लंगडी बाजू निदान काही व्यवहारांपुरती सावरली गेली.

या साऱ्या व्यवहाराचा पायाही टपाल खात्यानेच घातला होता. आज कोणतेही दुकान मागणी घेण्याआधी सहा आकडी पिनकोड विचारते. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि नाटककार होते. देशभरच्या अनेक लिप्यांत लिहिलेले, कधी अपुरे, कधी एकाच नावाच्या अनेक गावांचे पत्ते नीट लागावेत म्हणून त्यांनी ही व्यवस्था बसवली. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हे नाव या संदर्भातही लक्षात ठेवावे.

मात्र साम्यावर थांबलो तर या इतिहासातला खरा बदल नजरेतून सुटेल. व्ही. पी. मधला त्रयस्थ सार्वजनिक होता. त्याला माल विकायचा नव्हता. कोणाचा माल खपतो याच्याशी त्याचे देणेघेणे नव्हते. त्याची जबाबदारी कायद्यात लिहिलेली होती. आजचा मध्यस्थ हा बाजाराची जागाही स्वतःच पुरवतो, बहुधा मालही स्वतःच पोहोचवतो, तक्रारीचा निवाडाही पहिल्यांदा स्वतःच करतो आणि कोणता माल आधी दिसावा हेही तोच ठरवतो. पंच, हमाल आणि दलाल या तीन भूमिका एका ठिकाणी आल्या आहेत. जुन्या टपाल कायद्याची जागा १८ जून २०२४ पासून नव्या कायद्याने घेतली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. सोयी बदलणे स्वाभाविक आहे. पण निःस्वार्थ त्रयस्थाची ती कल्पना कुठे गेली, हे विचारायला हवे.

ग्राहकाच्या साक्षीचेही असेच झाले आहे. जुन्या जाहिरातींत औषधाने गुण आल्याची प्रशंसापत्रे छापलेली असत. खाली हुद्दा आणि गाव. ती विक्रेत्याने निवडलेली असत, हे वाचणारा ओळखून असे. पडद्यावरच्या अभिप्रायांनी ही मक्तेदारी मोडली. कोणीही लिहावे, तक्रारही लिहावी. कापडाचा रंग, पुस्तकाची बांधणी, सुटलेली पाने यांविषयी अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला सावध करावे. अशुद्ध, घाईत लिहिलेले, पण कित्येकदा अचूक असे हे गद्य आहे. ओळखीच्या बाजारात शेजारीण सांगत असे ते इथे हजारो शेजारणी सांगू लागल्या. मग विकतचे अभिप्राय आले. विक्रेत्याने ग्राहक असल्याची बतावणी करून अभिप्राय लिहू नये, असे २०२० च्या ई-वाणिज्य नियमांना स्पष्ट शब्दांत सांगावे लागले आणि २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी भारतीय मानकही ठरवावे लागले.

कायद्याचा हा धागा १८९८ शी कसा जुळतो ते पाहण्यासारखे आहे. २०२० च्या त्याच नियमांनुसार ग्राहकाची संमती त्याने स्वतः कृती करून दिलेली असली पाहिजे. आधीच खूण केलेली चौकट चालत नाही. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या मांडणीचे १३ प्रकार नावानिशी नोंदवले. ग्राहकाच्या टोपलीत त्याने न निवडलेली वस्तू गुपचूप सरकवणे हा त्यांतला एक, आणि थोडाच माल उरल्याची खोटी घाई लावणे हा दुसरा. 'खरोखरीची मागणी असल्याशिवाय माल पाठवू नये' हे सव्वाशे वर्षांपूर्वीचे कलम आणि 'न निवडलेली वस्तू टोपलीत घालू नये' हे आजचे तत्त्व यांच्यातला आशय एकच आहे. फरक इतकाच की पूर्वी दारात आलेले पुडके नाकारायला एक क्षण मिळत होता. आता बोट पडद्यावर टेकते आणि पैसे गेलेले असतात.

तो क्षण आता अधिकाधिक दुर्मिळ होत चालला आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय आले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरच्या नोटाबंदीनंतर रोख देऊन माल घेण्याची सोय अनेक दुकानांनी काही दिवस थांबवली किंवा आखडली. पुढे २०२० च्या महासाथीत नोटेला हात लावणेच नकोसे झाले. आधी पैसे देणे सवयीचे झाले आणि पुष्कळदा ते सोयीचेही आहे. पण याच काळात दुसरे एक उलटे वळण आले. वारंवार माल परत करणाऱ्याला रोखीची सोय द्यायची की नाही, कोणत्या पिनकोडला कोणती सेवा द्यायची, हे ग्राहकाच्या पूर्वीच्या व्यवहारांवरून ठरवले जाऊ लागले. पूर्वी ग्राहक विक्रेत्याला पारखत होता. आता विक्रेता ग्राहकाला पारखतो. दुकानदाराची ती जुनी वही परत आली आहे. फक्त ती आता गिऱ्हाइकाला उलटून पाहता येत नाही, आणि आपले नाव तिच्यात कसे लिहिले आहे हे विचारायला दुकानदार समोर नसतो. एका पैशाच्या कार्डाने जी निनावी समानता दिली होती ती या वहीत हळूहळू पुसली जात आहे.

म्हणून ग्राहकाच्या अविश्वासाकडे दोष म्हणून पाहणे आम्हांला मान्य नाही. त्या अविश्वासाने व्ही. पी. टिकवली, कायद्याला कलमे घालायला लावली आणि २०१० नंतरच्या बलाढ्य दुकानांनाही दारात येऊन थांबायला लावले. तो ओसरला तर व्यवहार जलद होतील. पण धोका कोणी पत्करायचा, हा प्रश्न सुटणार नाही. तो नुसता विचारला जाणार नाही. साहित्याच्या अभ्यासकांपाशी या इतिहासाची साधने विपुल आहेत: जुन्या मासिकांची मलपृष्ठे, सूचिपत्रे, वर्गणीदारांना केलेल्या विनवण्या, औषधांची प्रशंसापत्रे. बांधणी करताना ग्रंथालये ही पाने बहुधा काढून टाकीत, कारण ती वाङ्मय नव्हती. जी उरली आहेत त्यांत मराठी वाचक गिऱ्हाईक म्हणून कसा वागला, कुठे फसला आणि कुठे अडून बसला, हे वाचता येते. पैसे हातात धरून दारात उभा असलेला आणि पुडक्याकडे संशयाने पाहणारा तो वाचक आपल्या वाङ्मयेतिहासात अजून आलेला नाही.